जीवरसायन संशोधकाची पेपरयादी: आधी नाव जुळवा, मग एच-इंडेक्स काढा

प्रमोशनची फाइल भरायची वेळ आली की बरेचजण थेट गूगल स्कॉलर उघडतात आणि तिथला एच-इंडेक्स उतरवून घेतात (एच-इंडेक्स ६ म्हणजे किमान सहा सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, मिळालेले सहा पेपर). तो आकडा अनेकदा चुकलेला असतो. चूक गणितात नसते, नावात असते.

कमला सोहोनींचंच बघा. केंब्रिजमधून १९३९ साली पीएचडी मिळवलेल्या या बायोकेमिस्ट. १९३८च्या बायोकेमिकल जर्नलमध्ये डेरेक रिक्टर यांच्यासोबतच्या पेपरवर त्या ‘के. भागवत’ आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये हल्लीच्या ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ आहे. १९४७ साली लग्न झालं आणि पुढे कडधान्यांतल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवरचं (ट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम अडवणाऱ्या घटकांवरचं) काम ‘के. सोहोनी’ या नावाने छापून आलं. डेटाबेसच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती. माहेरचं-सासरचं आडनाव, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी लिहिलेलं, कधी गाळलेलं, यामुळे आपल्याकडे आजही हेच होतं.

म्हणून सुरुवात एक्सेलपासून करा. एका ओळीत एक पेपर: शीर्षक, जर्नल, वर्ष, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक), पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय-जैविक पेपरांच्या डेटाबेसमधला क्रमांक), लेखकांत तुमचा क्रमांक, कॉरस्पॉन्डिंग ऑथर (पत्रव्यवहार पाहणारा लेखक) आहात की नाही, आणि प्रकार (मूळ संशोधन, रिव्ह्यू, प्रीप्रिंट, शुद्धिपत्र). बायोआर्काइव्ह या साइटवरचा प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधी खुला केलेला मसुदा) आणि त्याचाच छापील पेपर हे दोन पेपर नव्हेत. एकाच ओळीत दोन्ही डीओआय लिहा. पबमेडवर नुसतं ‘पाटील एस’ शोधलं तर भलत्यांचा ढीग येतो. संस्थेचं नाव जोडून शोधलं तर उलटा घोटाळा: २०१४च्या आधीच्या नोंदींत साधारणपणे पहिल्याच लेखकाची संस्था दिलेली असते, त्यामुळे तुम्ही तिसरे-चौथे लेखक असलेले जुने पेपर गळतात. तिथे सहलेखकाचं नाव जोडून शोधा.

यादी पक्की झाली की ऑर्किड काढा. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकड्यांचा नंबर, फुकट मिळतो. ‘इतर नावं’ या रकान्यात तुमच्या नावाची छापून आलेली सगळी रूपं टाका, चुकीची स्पेलिंगसुद्धा. क्रॉसरेफला (जर्नलांसाठी डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला) आपोआप नोंद करायची परवानगी द्या. मात्र पेपर पाठवताना जर्नलच्या फॉर्ममध्ये ऑर्किड दिलेला नसेल तर ही सोय काहीच करत नाही.

मग स्कोपस, म्हणजे पेपर आणि सायटेशन्सचा डेटाबेस. तिथे एकाच माणसाचे दोन-तीन ऑथर आयडी (लेखक क्रमांक) सापडणं नेहमीचं आहे. ते एकत्र करायची विनंती करा, आणि फाइलच्या अंतिम तारखेच्या बरंच आधी करा, कारण दुरुस्ती लगेच दिसत नाही. गूगल स्कॉलरमध्ये नवे पेपर आपोआप जोडले जाण्याची सेटिंग बंद ठेवा आणि आधी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा. नाहीतर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच्या पॉलिमरवरचा पेपर तुमच्या एन्झाइमांच्या यादीत येऊन बसतो. एकाच पेपरच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींवर खूण करून मर्ज करा.

आता मोजणी. समजा स्कोपसवर आठ पेपरची सायटेशन्स उतरत्या क्रमाने अशी आहेत: ६४, ४१, २२, १५, ९, ६, ६, ३. सहाव्या पेपरला ६ आहेत, सातव्यालाही ६च, म्हणजे सातपेक्षा कमी. एच-इंडेक्स ६. दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर चार, म्हणून आय-१० हा आकडा चार. एकूण १६६. हेच पेपर स्कॉलरवर जास्त सायटेशन्स दाखवतात, कारण तिथे प्रबंध आणि प्रीप्रिंटही मोजले जातात. दोन ठिकाणचे आकडे एकाच तक्त्यात कधीच मिसळू नका.

एच-इंडेक्स एकटा देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. या विषयात पद्धतीचे पेपर अफाट उद्धृत होतात: प्रथिनं मोजण्याची लाउरी पद्धत सांगणाऱ्या १९५१च्या पेपरला तीन लाखांहून जास्त सायटेशन्स आहेत. रिव्ह्यूंचंही तसंच, म्हणून मूळ संशोधन आणि रिव्ह्यू यांची बेरीज वेगवेगळी दाखवा. तुलनेसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे ऑनलाइन साधन वापरा. पीएमआयडींची यादी चिकटवली की प्रत्येक पेपरचा आरसीआर, म्हणजे त्याच्या क्षेत्राच्या तुलनेत सायटेशन्स किती याचा आकडा, मिळतो. १ म्हणजे त्या क्षेत्रातल्या एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांची मधली पातळी. पेपर अगदी नवा असेल तर या आकड्यावर विसंबू नका.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतले लेख, एवढाच त्याचा अर्थ. फॉर्ममध्ये रकाना असेल तर वर्षासह भरा. तुमच्या सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज मात्र करू नका. तिला काही अर्थ नाही.

स्वतःचीच सायटेशन्स वगळूनही आकडा द्या. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये तशी सोय आहे. मागे घेतलेला पेपर असेल तर तो यादीतून काढू नका, ‘मागे घेतला’ असं पुढे लिहा. आणि प्रत्येक आकड्यासमोर डेटाबेस आणि तारीख हवीच: ‘स्कोपस, १२ जून २०२५: पेपर ८, सायटेशन्स १६६, एच-इंडेक्स ६’.