घुशीचं बीळ आधी ओळखा, मग कुदळ उचला

पालिकेत मी रात्रपाळीला उंदीर मारायचो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि रात्रीचे ३० उंदीर हा कोटा. निवृत्त झाल्यावर खाडीपलीकडच्या मनोरीला सासुरवाडीच्या शेतावर जाणं वाढलं, तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एवढी वर्षं मुंबई साफ केलीत, आता आमच्या बांधातल्या घुशींचं तेवढं बघा." मीही ऐटीत काठी घेऊन मार्व्याला होडीत बसलो. रात्रभर बांधावरून फिरलो आणि पहाटे रिकाम्या हाताने चहा प्यायलो. गल्लीतला उंदीर उजेड पडला की बावचळतो आणि भिंतीच्या कडेने पळतो. शेतातली घूस पायाखाली बसून आपल्या चपलांचा आवाज ऐकत असते. तिथे काठी काय करणार?

म्हणून पहिलं काम बीळ ओळखण्याचं. तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या आणि शेजारी पाणी दिसलं तर ते मुठ्याचं, म्हणजे खेकड्याचं. तोंड रुंद, कडेला नखांचे ओरखडे असतील तर मुंगूस किंवा घोरपड असू शकते. ते सोडून द्या. घुशीची खूण म्हणजे चाळणीतून काढल्यासारख्या भुसभुशीत मातीचा ढीग. नवखा माणूस नेमका इथे फसतो. तो उघडं भोक शोधतो आणि घूस तर आत गेल्यावर तोंड मातीने बंद करून घेते. उघडं, कडा गुळगुळीत झालेलं, कोळ्याचं जाळं लागलेलं बीळ बहुतेक वेळा रिकामं असतं. नाहीतर त्यात नाग किंवा धामण मुक्कामाला असते. भातातही खूण सापडते. जमिनीपासून थोड्या उंचीवर ताटं तिरकी कापलेली, आणि कापलेले तुकडे तिथेच पडलेले.

ढीग सापडले तरी लगेच खणू नका. संध्याकाळी बांधावरची सगळी तोंडं ओल्या मातीने लिंपा आणि प्रत्येकापाशी एक काडी रोवा. आम्ही कुल्फीच्या काड्या वापरल्या, नातवंडांच्या कृपेने त्यांचा तोटा नव्हता. पहिल्या वर्षी ४२ तोंडं लिंपली. सकाळी पाहिलं तर ९ ठिकाणी लिंपण फोडलेलं किंवा ताजी माती वर आलेली. बाकीची ३३ ओसाड. ही तपासणी केली नसती तर आम्ही तीन दिवस रिकाम्या बिळांवर घाम गाळला असता. त्यात ९ तोंडं म्हणजे ९ घुशी असंही नाही. एका बिळाला बरीच तोंडं असतात आणि पिल्लांची आई सोडली तर मोठी घूस सहसा एकटीच राहते. आमच्याकडे निघाल्या दोन.

खणायचं कसं ते मला मेहुण्याकडे कामाला आलेल्या एका कातकरी गड्याने शिकवलं. माझी सगळी नोकरी त्याच्यापुढे फुकट गेली म्हणा. त्याने दोन सोडून बाकीची तोंडं दगड ठोकून बंद केली. एका तोंडावर मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा खुंट्या मारून पसरला. दुसऱ्या तोंडात झाडाची ओली फोक सारली. ती वाकत वाकत बोगद्याच्या वळणाने आत जाते, त्यामुळे वरून माती ढासळली तरी वाट हरवत नाही. मग फोकेच्या मागे मागे कुदळ. हातभर खणायचं, फोक पुढे सरकवायची, कान द्यायचा. तिसऱ्या वळणाला आतून गुरगुर ऐकू आली. घूस चिडली की केस फुलवून गुरगुरते. गडी हसून मला म्हणाला, "बाबा, जाळ्याकडं बघा." मी वळेपर्यंत ती जाळ्यात आदळली होती. त्याने एकाच फटक्यात संपवली. हाल करायचे नाहीत, एवढं मला नोकरीनेही शिकवलं होतं.

बोगद्याच्या टोकाला कोठार निघालं. भाताच्या लोंब्या एकावर एक दाबून भरलेल्या, अर्धी पाटी तरी असतील. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिळातला भात खणणाऱ्याचा, असं गडी म्हणाला, आणि त्याने तो नेला. मला ते रास्त वाटलं.

बिळात हात मात्र कधीही घालू नका, बॅटरी मारून पाहिलं तरीही. साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. १०८ ला फोन करून सरळ मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं.

घराजवळ, भाजीच्या वाफ्यात खणता येत नाही. तिथे पिंजरा. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवा आणि आत नुसतं खायला टाका. भाजलेला सुका बोंबील ठेवला तर मुंबईची कुठलीही घूस नाही म्हणत नाही. तिला सवय लागली की चौथ्या रात्री दार लावा. तार जाड हवी. मोठी घूस किलोभर वजनाची असू शकते, पातळ जाळी वाकवते. चिकट पुठ्ठे मी वापरत नाही. त्यावर पाली आणि चिमण्या तडफडतात.

विष सगळ्यात शेवटी. झिंक फॉस्फाईडचं प्रमाण ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडंतेल, २ भाग पावडर. आधी दोन दिवस बिनविषारी धान्य द्यायचं, नाहीतर घूस चाखून सोडते आणि पुन्हा त्या वासाच्या जवळ येत नाही. कालवायचं उघड्यावर, हातमोजे घालून, काठीने, स्वयंपाकाची भांडी न वापरता. पुडी चालू बिळात खोल सारून तोंड बंद करायचं. याला उतारा नाही, एवढं ध्यानात ठेवा. सकाळी मेलेल्या घुशी उचलून खोल पुरा, नाहीतर कुत्री आणि घुबडं खातात. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, त्या परवानाधारकांचं काम आहे.

नातवाने मोबाईलवर इंग्लंडातला बॅजर, म्हणजे बीळ खणून राहणारा एक प्राणी, दाखवून विचारलं, आजोबा, हा मारायचा का? तिथे १९९२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे चांदी अस्वल. तेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. साळिंदर आणि खवले मांजर यांनाही हात लावायचा नाही.

गमबूट आणि हातमोजे नेहमी घाला. घुशीच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, आणि पावसाळ्यात बांधावरचं पाणी पायाच्या चिरेतून आत जातं. ताप आला तर डॉक्टरला घुशीचं काम केल्याचं आधी सांगा.

खणलेली जागा त्याच दिवशी बुजवा. आम्ही पहिल्या वर्षी नुसती माती लोटली. पुढच्या पावसात तिथूनच बांध फुटला आणि वरच्या खाचरातलं पाणी रातोरात खाली गेलं. आता आधी फुटक्या कौलांचे तुकडे, मग चिकणमाती, दर वितीला धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने, ठोकून. रुंद बांध घुशीला घर म्हणून आवडतो, तेव्हा तो निम्मा तासून घेतला आणि गवत काढलं. शेजारच्या खाचरवाल्यांनाही त्याच आठवड्यात काम काढायला लावलं. नाहीतर त्यांच्या घुशी आमच्याकडे यायला एक रात्र पुरते.