शत्रू पडला तर खूश व्हायचं की नाही? बायबलमधली उलटसुलट वचनं कशी वाचायची

नीतिसूत्रे २४:१७ मध्ये सरळ सांगितलंय की तुझा शत्रू पडला तर आनंद करू नको, आणि त्याच पुस्तकात ११:१० ला दुर्जन मेले की गावभर जल्लोष. लगेच स्क्रीनशॉट टाकून 'बघा, विसंगती' करू नका, आणि 'विसंगती नाहीच' म्हणत सारवासारवही नको.

आधी बघा की पडलाय कोण आणि नाचतंय कोण. ११:१० मध्ये अख्खं शहर आहे, छळणारा गेला म्हणून सुटलेलं. २४:१७ मध्ये 'तुझा' शत्रू, म्हणजे खाजगी खुन्नस. निर्गम १५ ला मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचते ते पहिल्या खात्यात, कारण मागे फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, रथ लागले होते आणि ते समुद्रात बुडाले. (तरी तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, रब्बी (धर्मगुरू) सांगतात की त्यावेळी देवदूत गायला निघाले तर देवाने त्यांना गप्प केलं, माझ्या हातची माणसं बुडतायत आणि तुम्ही गाताय?) ओबद्या १२ मध्ये मात्र शेजारच्या अदोम लोकांना झापलंय, यहूदाच्या राज्याचं वाटोळं होताना मजा बघत होते म्हणून, आणि हे तर एसावाचे, म्हणजे यहूदाचा पूर्वज याकोब याच्या भावाचे वंशज, भावकीच.

मग पुढचं वचन वाचाच. २४:१८ म्हणतं की तू खूश झालास तर परमेश्वराला ते खटकेल आणि तो त्या शत्रूवरचा राग काढून घेईल. म्हणजे त्याची शिक्षा चालू राहावी म्हणून आपण तोंड पाडून बसायचं? मला हे वचन जरा खोचक वाटतं, तुझी खुन्नस देवाला पुरवायची नाहीये असं सुनावणारं, पण यावर वाद होऊ शकतो.

खरा गुंता दावीदचा. २ शमुवेल १ मध्ये अमालेकी टोळीतला एक माणूस मेलेल्या शौल राजाचा मुकुट घेऊन दावीदकडे येतो, बक्षीस मिळेल म्हणून, आणि दावीद कपडे फाडतो, संध्याकाळपर्यंत उपास करतो, त्या माणसाला मारूनच टाकतो. शौल म्हणजे दावीदच्या जीवावर उठलेला माणूस हां! आणि अध्याय २२ मध्ये तोच दावीद शौलाच्या हातून सोडवलं म्हणून स्तुतिगीत गातो. हे दोन अध्याय एका बैठकीत लागोपाठ वाचा, मधलं काही वगळलं तरी चालेल.

स्तोत्र ५८:१० मधलं नीतिमानाचं दुर्जनांच्या रक्तात पाय धुणं सगळ्यात शेवटी घ्या, आणि पहिल्या ओळीपासून, कारण ते सुरूच होतं अन्यायाने न्याय करणाऱ्यांपासून.