उन्हाळ्यात ॲनिमोनीच्या टाकीला सलाईनचा सेट

एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत ॲनिमोनीच्या (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) खाऱ्या पाण्याच्या टाकीवर पंखा लावला की पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र आतच राहतं. ६० लिटरच्या टाकीतून ३ लिटर उडाले तर क्षारता (दर हजार भाग पाण्यातलं मीठ) ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. क्लाउनफिश हे निभावतो, ॲनिमोनी नाही: ती आकसते, जागा सोडते आणि भटकत वेव्हमेकरमध्ये (पाण्यात लाटा करणारा पंप) सापडते. म्हणून उडालेलं पाणी थेंबाथेंबाने परत भरायचं.

१. क्षारता बरोबर असताना, पंप चालू ठेवून, पातळीची खूण चिकटपट्टीने काचेवर करा. टाकीच्या मागे फिल्टरचे कप्पे असतील तर खूण पंपाच्या कप्प्यावर; बाकी ठिकाणी पातळी फारशी हलत नाही.

२. मेडिकलमधून साधा सलाईन सेट (थेंबांचा वेग चाकाने कमी-जास्त करता येणारी नळी) आणा. ५ लिटरच्या कॅनला तळाशी बारीक भोक पाडून सेटचं टोक घट्ट बसवा. झाकण सैल हवं, नाहीतर धार थांबते.

३. कॅन टाकीच्या वर ठेवा. मिनिटाला ३३ थेंब म्हणजे १० तासांत साधारण १ लिटर. थेंब पंपाच्या कप्प्यात पडू द्या, ॲनिमोनीवर नको.

कॅनमधलं पाणी गोडंच, शून्य टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार). घरच्या आरओत चवीसाठी टीडीएस मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून मीटरने तपासा.

कॅनमध्ये फक्त त्या दिवशी उडालेलं पाणी भरा. सेटचं चाक सैल पडलं की सगळा कॅन रात्रीत रिकामा होतो, आणि क्षारता एकदम उतरणं हे वाढण्याहून वाईट.