चॉकलेट ओट्स कडू, गुठळ्यांचे, नाहीतर खळीसारखे होतात? या चुका टाळा

मी पहिल्यांदा चॉकलेट ओट्स केले तेव्हा आईने वाटीत चमचा उभा करून पाहिला. तो उभाच राहिला. "अरे, हे खायचंय की संक्रांतीच्या पतंगाला लावायचंय?" एवढं विचारून ती आपल्या कांदेपोह्यांकडे वळली.

त्या वाटीत ओट्स, दूध, कोको, गूळ आणि केळं होतं. आजही मी तेच घालतो, पण कशानंतर काय घालायचं ते बदललं. कोको बेसनासारखा हाताळायचा आणि ओट्स रव्यासारखे, एवढं डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी संपतात.

आधी प्रमाण सांगून टाकतो. एका माणसाला ४० ग्रॅम रोल्ड ओट्स (मापाचा अर्धा कप), १५० मिली दूध, १०० मिली पाणी, एक टेबलस्पून कोको पावडर, एक पिकलेलं केळं, अर्धा चमचा तूप, चिमूटभर मीठ.

डबाच चुकीचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुकानात 'चॉकलेट पावडर' मागितली की बरेचदा ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा हातात पडतो. मग माणूस दोन मोठे चमचे घालतो, रंग येतो फिका, म्हणून तिसरा घालतो. डबा फिरवून मागची घटकांची यादी वाचा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिला शब्द साखर असेल तर तुम्ही कोकोचा वास दिलेली साखर विकत घेतली आहे. आपल्याला हवी ती बिनसाखरेची कोको पावडर.

तिच्यातही दोन प्रकार येतात. साधी कोको रंगाने फिकट तपकिरी, चवीला जरा आंबट आणि तुरट असते. दुसरी अल्कलीची प्रक्रिया केलेली, जिला डच कोको म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या व्हॅन हूटेन या कोकोवाल्यांनी ही रीत आणली, म्हणून ते नाव. ही गडद, सौम्य आणि दुधात पटकन मिसळणारी. यादीत कोकोशेजारी ५०० किंवा ५०१ आकड्याचं ॲसिडिटी रेग्युलेटर दिसलं तर ती डच समजा. साध्या कोकोत फ्लॅव्हनॉल (कोकोतली आरोग्याला चांगली मानली जाणारी द्रव्यं) जास्त टिकतात, डचमध्ये चव गोलसर येते. घरात कडू म्हणून नाक मुरडणारं कोणी असेल तर सरळ डच घ्या. रोज खाल्ली जाणारी वाटी महत्त्वाची. फ्लॅव्हनॉल सांभाळले आणि वाटी सिंकमध्ये गेली, तर काय मिळवलं?

कोको उकळत्या दुधात भुरभुरवणं

कढीसाठी बेसन कोणी थेट उकळत्या ताकात टाकतं का? कोकोचंही तेच आहे. कोको पावडरीत १० ते २२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ती दुधावर तरंगते आणि बाहेरून ओली, आतून कोरडी अशा गोळ्या बनतात. नंतर पळीने कितीही घोटा, त्या गोळ्या दाताखाली येतातच आणि फुटल्या की तोंडात कडू भुकटी.

एका वाटीत कोको आणि मीठ घ्या. त्यावर तीन चमचे कडकडीत पाणी घालून चमच्याने घोटा. आधी वाटेल की पाणी कमी पडतंय, कोको वाटीच्या कडांना चिकटून रुसल्यासारखा बसेल. दहा-पंधरा सेकंदांत तो एकदम सैल होतो, चकाकी येते आणि काकवीसारखी धार पडते. वासही त्याच क्षणी उघडतो. गरम पाण्याने कोकोची चव खुलते, म्हणून हे काम गार दुधात करू नका. यात चिमूटभर इन्स्टंट कॉफी घातली तर चॉकलेट आणखी गडद लागतं आणि कॉफीची चव वेगळी कळत नाही. मुलांच्या वाटीत मात्र ती नको.

मिठाला नाही म्हणू नका. गोड शिऱ्यात आपण कणभर मीठ टाकतोच. इथे तर ते कडूपणाही दाबतं, त्यामुळे गोड कमी घालावं लागतं.

ओट्सची खळ का होते

पाकिटावर क्विक किंवा इन्स्टंट लिहिलेले ओट्स पातळ आणि बारीक असतात, दोन-तीन मिनिटांत शिजतात आणि चौथ्या मिनिटाला लगदा होतात. रोल्ड ओट्स जाडसर, त्यांना पाच ते सात मिनिटं लागतात. स्टील कट म्हणजे न दाबलेले, नुसते कापलेले दाणे. ते अर्धा तास मागतात, त्यामुळे रविवारशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घरात क्विकच असतील तर काही बिघडत नाही, फक्त आधी भाजा. पातेल्यात अर्धा चमचा तूप, मंद आच आणि ओट्स. शिऱ्याचा रवा भाजताना जसा वासावर कान ठेवतो (आमच्याकडे असंच म्हणतात) तसं थांबायचं. खमंग वास सुटला, कडा जराशा सोनेरी झाल्या की गरम पाणी ओता. भाजलेल्या ओट्सचा दाणा मोकळा राहतो आणि चिकटपणा कमी होतो. या एका गोष्टीने वाटी जितकी सुधारली तितकी महागड्या कोकोने सुधारली नाही.

आता ढवळणं. काळजीपोटी आपण सतत पळी फिरवत राहतो. त्याने ओट्स तुटतात, आतला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन बाहेर येतं आणि खळ तयार. तळाला लागू नये इतपतच, मधूनमधून हलवा. बीटा-ग्लुकनला मात्र शत्रू समजू नका. ओट्सचं जे कौतुक होतं ते याच विरघळणाऱ्या तंतूमुळे. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, आणि १९९७ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) ओट्सच्या पाकिटावर हृदयासंबंधीचा दावा छापायला परवानगी दिली ती याच आधारावर. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ग्रॅम मिळतं. म्हणून शिजवलेलं पाणी निथळून टाकण्याचा शहाणपणा करू नका.

गॅस बंद कधी करायचा? पळीवरून अजून ओघळतंय, 'जरा पातळच झालं' असं वाटतंय, तेव्हा. ताटात येईपर्यंत ते आळतं. आळून घट्ट झालंच तर गरम दूध घालून सैल करा. गार दूध घातलं की गोळे एकीकडे आणि दूध दुसरीकडे.

गूळ घातला आणि दूध फाटलं

ही चूक मी पाहुण्यांसमोर केली आहे. साखर नको म्हणून मोठ्या ऐटीत उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला आणि दोन मिनिटांत पातेल्यात तपकिरी पनीर. गुळाच्या खिरीत हा धोका आपल्याला ठाऊक असतो, ओट्स म्हटलं की विसरतो. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. साधी कोकोही आंबट. उकळतं दूध या दोघांपुढे टिकत नाही.

म्हणून ओट्स पाण्यातच शिजवा, मग कोमट दूध आणि कोकोची पेस्ट घाला, एक हलकी उकळी आली की गॅस बंद. दोन-तीन मिनिटांनी किसलेला गूळ. फाटलंच असेल तर टाकू नका, केळ्यासोबत मिक्सरला फिरवा. पोषणात काही गेलेलं नाही, फक्त रूप गेलं.

आणि गूळ म्हणजे पथ्य, हा समज जरा बाजूला ठेवा. गूळ काय, मध काय, शरीराच्या हिशेबात साखरच. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की अशी वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला २५ ग्रॅमच्या आसपास, सहा छोटे चमचे. त्यातले दोन चहाने आधीच खाल्लेले असतात.

त्यापेक्षा सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं घ्या. कुस्करून ओट्सबरोबरच शिजवा, वरून चकत्या ठेवून तो गोडवा मिळत नाही. केळ्याची चव ज्यांना चालत नाही त्यांनी बिया काढलेले तीन खजूर गरम पाण्यात भिजवून चुरडावेत.

चॉकलेट सगळं आत शिजवून टाकणं

७० टक्क्यांच्या डार्क चॉकलेटचे दोन छोटे तुकडे, म्हणजे दहाएक ग्रॅम, पातेल्यात टाकले तर ते कुठे गेले कळतही नाही. तेच वाढल्यावर गरम वाटीवर ठेवा, अर्धा मिनिट हात लावू नका. कडा ढासळतात, चमच्याला चकचकीत रेघ लागते. वाटी खरी चैनीची होते ती त्या रेघेमुळे. चॉकलेटच्या वेष्टनावर कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड, त्याला ही मजा नाही.

अकरा वाजता पुन्हा भूक लागत असेल तर वाटीत प्रथिनं कमी आहेत. एक मोठा चमचा शेंगदाण्याचं कूट घाला, चॉकलेटशी त्याची फार जुनी दोस्ती आहे.

रात्री भिजवणाऱ्यांसाठी

ओव्हरनाइट ओट्समध्येही कोको आधी गरम पाण्यातच घोटायचा, मग गार दुधात मिसळायचा. इथे भाजणं नको, रोल्ड ओट्सच घ्या. आणि बरणी फ्रिजमध्ये. इडलीच्या पिठासारखे ओट्यावर ओट्स ठेवून झोपलात तर आपल्या हवेत सकाळी दुधाचा आंबूस वास ठरलेला.

ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा तेल जास्त, त्यामुळे पावसाळ्यात उघडं पाकीट लवकर खवट होतं. भाजताना जुन्या तेलासारखा वास आला तर तिथेच थांबा, कोकोने तो झाकला जात नाही. ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी 'ग्लुटेन फ्री' छापलेलंच पाकीट घ्यावं, कारण साध्या ओट्समध्ये शेतात, वाहतुकीत किंवा कारखान्यात गव्हाची सरमिसळ झालेली असू शकते.

पातेलं रिकामं झालं की लगेच गार पाण्याने भरून ठेवा. तासाभराने घासायला गेलात तर आईचं पतंगाचं म्हणणं पटेल.