दुबईत शिकवायला निघालाय? शाळा सुरू व्हायच्या आधी या चुका टाळा

नाशिकहून दुबईच्या शाळेत नोकरी लागली की पेढे वाटून होतात आणि सगळं घर बॅगा भरायला लागतं, पण खरं काम अडतं ते कागदांवर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं. माझी डिग्री माहेरच्या नावावर, बी.एड. पण, आणि मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट करायचं डोक्यातच आलं नाही, मग ते तिथून कुरियरने भावाकडे, त्याच्या मुंबईच्या चकरा, आणि तोपर्यंत माझी फाईल नुसती पडून. प्लीज हे इथूनच करून निघा. आणि नुसता अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मिळणारा शिक्का) करून थांबू नका, यूएई त्या करारात नाही, त्यामुळे आधी राज्याचं अटेस्टेशन, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएईच्या वकिलातीचं आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या मंत्रालयाचं. पोलीस क्लिअरन्स नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

दुसरी चूक घराची, आणि ही सगळ्यात महाग पडते. दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात, वर डिपॉझिट साधारण 5 टक्के, फर्निश्ड असेल तर 10, एजंटचे बहुतेक वेळा 5 टक्के, वीज-पाण्याच्या जोडणीला फ्लॅटसाठी 2000 दिरहम डिपॉझिट, शिवाय वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के हाऊसिंग फी महिन्याच्या बिलातून जाते ती वेगळीच. घाईत पहिलं घर पक्कं करू नका. शारजात भाडं कमी म्हणून खूप जण तिकडे घेतात पण सकाळी शारजा-दुबई रस्ता म्हणजे नाशिकच्या द्वारका सर्कलची गर्दी कितीतरी पट, आणि शाळा भरते साडेसात-आठला. आधी थोडे दिवस महिन्याच्या भाड्याने रहा, शाळेच्या दिवशी सकाळी सहाला त्या घरापासून निघून शाळेपर्यंत खरंच जाऊन बघा, दुपारी मॅपवर दिसणारी वेळ धरू नका. मेट्रो स्टेशन 900 मीटरवर आहे म्हणतात ना, ते ऑगस्टच्या उन्हात चालून बघा, मगच सही करा. करार झाला की लगेच इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, करून घ्या, वीज-पाणी आणि घरच्यांचा व्हिसा दोन्हीला लागते.

पगार पहिल्या महिन्यात वेळेवर हातात पडेलच असं धरू नका. बँक खातं बहुतेक ठिकाणी एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) आल्यावरच उघडतं, म्हणून दीड-दोन महिन्यांचा खर्च जवळ असू द्या.

आणि बॅग. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या परवानगीशिवाय अजिबात नेऊ नका, रोजची औषधं असतील तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन ठेवा आणि तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते का ते आधी बघा. खसखस तर तिथे बंदीच आहे, लोक यात खरोखर अडकलेत. आपल्याकडे मसाल्याच्या पुडीत, अनारशांवर खसखस असतेच आणि आई प्रेमाने डबा भरते, तिला आधीच सांगून ठेवा. सासूबाईंनी मला यंदा अनारसे तीळ लावून करून दिले, छान लागले.