घरी मोठे प्रिंट काढताय? शाईच्या वासाबाबत या चुका टाळा

मागच्या श्रावणात रामकुंडाचा २४ बाय ३६ इंची फोटो घरच्या प्रिंटरवर काढला. हाताला कोरडा लागला, म्हणून दुसऱ्याच दिवशी फ्रेम करून आणला. काही दिवसांत काचेला आतून धुरकट थर आला आणि मी फ्रेमवाल्याशी उगाच हुज्जत घातली. चूक माझीच होती.

प्रिंटरच्या पाण्याच्या (वॉटर-बेस्ड) शाईत नुसतं पाणी नसतं. नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, ती वाळू नये म्हणून ग्लिसरीन, ग्लायकॉलसारखी हळू उडणारी द्रव्यं घालतात. पाणी लवकर उडतं, ही मागे रेंगाळतात. काचेवरचा थर यांचाच, आणि खोलीतला वासही बराचसा अशाच द्रव्यांचा. ग्लॉसी (चकचकीत) किंवा लस्टर (मंद चमकेच्या) कागदात शाईच्या थराखाली प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे ती खाली मुरत नाहीत, वरूनच बाहेर पडतात. सुती कागदावर हा त्रास कमी. शिवाय एवढा प्रिंट म्हणजे जवळपास नऊ ए-फोर. तेवढी शाई एका दमात खोलीत येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताजा प्रिंट लगेच गुंडाळून नळीत घालणं. गरम पोळ्या डब्यात झाकल्या की घाम धरतात, तसंच हे. तासभर सपाट उघडा ठेवा, मग वर साधा कागद पसरून किमान २४ तास. वरच्या साध्या कागदाला लाटा आल्या तर तो बदला. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मी दोन-तीन दिवस देतो.

खिडक्या लावून पंखा फुल्ल सोडला तर वास फक्त घरभर फिरतो. हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो आणि समोरून थोडी फट. डिसेंबरच्या गारठ्यातही. पंख्याचा झोत मात्र प्रिंटरवर नको, धूळ बसते.

अगरबत्ती, रूम फ्रेशनर वासात भर घालतात. प्युरिफायरची हेपा जाळी धूळ पकडते, वास नाही. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. ओझोन सोडणारं यंत्र तर आणूच नका: फुप्फुसांना वाईट, आणि डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या शाईचे) रंगही उडवतं.

वास नेलपॉलिश किंवा ऑइलपेंटसारखा उग्र असेल, तर बाटली तपासा. स्वस्तात मिळाली म्हणून फ्लेक्सवाल्यांची सॉल्व्हंट शाई आणली असेल, तर ती बेडरूममध्ये वापरायची नाही. डोळे चुरचुरले, डोकं धरलं तर काम थांबवून बाहेर या. प्रिंट नसतानाही वास येत असेल, तर वेस्ट शाईची टाकी (प्रिंटर साफ होताना वाया जाणारी शाई जिथे साठते ती) गळतेय का बघा.

रामकुंडाचा तो फोटो फ्रेममधून काढून तीन दिवस दिवाणावर पसरून ठेवला, काच पुसली, परत बसवला. आता स्वच्छ आहे.