युवा क्लब ओस पडू नये म्हणून या चुका टाळा

युवा क्लब सुरू करणे फारसे कठीण नसते. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. पहिल्या उत्साहात आलेली मुले हळूहळू गळू लागतात, वर्ष सरता सरता ठरावीक सहा-सात चेहरेच उरतात आणि मग सगळा दोष मोबाइलच्या माथी मारला जातो. मोबाइलचा वाटा असतोच, परंतु मुले दूर जाण्याची बरीचशी कारणे क्लबच्या चार भिंतींतच सापडतात आणि ती दुरुस्तही करता येतात. वाढत्या वयात मुलांना घर आणि शाळा यांपलीकडची एक जागा हवी असते, जिथे गुण मोजले जात नाहीत आणि जिथे भेटणारी मोठी माणसे ना पालक असतात ना शिक्षक. हे लक्षात ठेवले, तर पुढच्या चुका लवकर ओळखता येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खोली उघडली, खेळाचे साहित्य ठेवले, देखरेखीला एक माणूस बसवला, की काम झाले असे मानणे. स्वीडनमधील १४ वर्षांच्या मुलामुलींवरील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ठरलेले उपक्रम आणि मार्गदर्शन असलेल्या गटांत रमणाऱ्या मुलांमध्ये गैरवर्तन कमी आढळले, तर नुसतेच जाऊन बसण्याच्या, फारशी आखणी नसलेल्या युवा केंद्रांत जाणाऱ्यांमध्ये ते अधिक आढळले. आधीच भरकटलेली मुले अशा ठिकाणी जास्त जात असण्याची शक्यता जमेस धरली, तरी इशारा स्पष्ट आहे. क्लबमध्ये दमदाटी वाढली असेल, एकच टोळके टेबल टेनिसचे टेबल अडवून बसत असेल, तर नियमांची पाटी लावण्याआधी संध्याकाळची आखणी तपासावी. आठवड्यातून दोन दिवस तरी हाती घेऊन तडीस न्यायचे काही काम हवे, मग ते नाटक असो, सायकलदुरुस्ती असो किंवा भित्तिपत्रक.

याच्या उलट टोकाची चूकही होते. पालकांना दाखवण्यासाठी क्लबचा शिकवणी वर्ग केला जातो. हजेरी, प्रमाणपत्रे, स्पर्धा, निकाल. दिवसभर परीक्षेच्या तोंडावर उभे असलेले मूल संध्याकाळी पुन्हा परीक्षेला कशाला येईल?

मुलांचा सहभाग नुसता दाखवण्यापुरता ठेवणे ही चूक मात्र सज्जन, कष्टाळू संचालकांच्याच हातून अधिक घडते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ प्रमाणे, मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडण्याचा आणि वयानुरूप त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या तळाच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते विचारणे यांना, सहभाग मानण्यासच नकार दिला. सगळे आधीच ठरवून शेवटी ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, की मुलांना त्यातली पोकळी लगेच कळते.

यावर उपाय साधा आहे. साहित्याच्या कपाटाची किल्ली एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे सोपवावी आणि ती खरोखर तिच्याकडेच राहू द्यावी. पहिल्या आठवड्यात एखादी बॅट हरवेल, वहीतल्या नोंदी चुकतील. तरी किल्ली परत मागू नये. चौथ्या आठवड्यात तीच मुलगी लहानग्यांना ‘सही केल्याशिवाय चेंडू मिळणार नाही’ असे बजावताना दिसली, तर क्लब आता मुलांचाही झाला आहे असे खुशाल समजावे.

तेरा-चौदा वर्षांची मुले एकाएकी येईनाशी झाली असतील, तर बहुधा त्यांना दहा वर्षांच्या मुलांसोबत बसवले जात आहे. त्यांची वेळ वेगळी करावी. मुली येत नसतील, तर परतीची वाट, स्वच्छतागृह आणि मैदानाचा ताबा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

मोठी माणसे सतत बदलत राहणे हे मुलांच्या मनाला सर्वांत जास्त लागते. विश्वास बसायला महिने जातात आणि माणूस न सांगता निघून गेला की मूल पुढच्या माणसापुढे मन मोकळे करत नाही. म्हणून कार्यकर्त्याने जाण्याआधी निरोप घ्यावा आणि नव्या माणसासोबत काही आठवडे काम करावे. जिव्हाळा कितीही असला, तरी बंद खोलीत एका मुलासोबत एकटे बसू नये, तक्रार कोणाकडे करायची ते प्रत्येक मुलाला ठाऊक असावे आणि ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण मूल धोक्यात असेल तर ते मोडावेच लागते.

वर्षभरात परिणाम मागणे हीदेखील घाई आहे. आइसलँडमध्ये महिन्याभरात दारूच्या नशेत गेल्याचे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. पण त्यामागे खेळ व कलांचे मार्गदर्शित उपक्रम, पालकांचा सहभाग आणि कायदे यांची जवळपास दोन दशकांची साथ होती.

एवढे करूनही संख्या वाढत नसेल, तर नवा कार्यक्रम जाहीर करण्याची घाई नको. दाराच्या चौकटीला टेकून, दप्तर खांद्यावरून न उतरवता आत पाहणारा एखादा मुलगा बहुतेक क्लबांत असतो. त्याला ‘आत ये, खेळ’ असे फर्मावू नये. ‘ही जाळी जरा त्या टोकाला धरतोस का?’ असे विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नावाने हाक मारावी.